सैणू रामच्या अंगात

नाव: सैणू राम. वल्द: मंगणू राम, चेला (मयत). जात: गद्दी (डोंगरी मेंढपाळ). राहणार: सरोठा, वरची आळी, पाणवठ्याच्या मागे. वय: अदमासे बेचाळीस. उंची: मध्यम. रंग: उन्हात तांबूस, सावलीत गव्हाळ. व्यवसाय: डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाकी, हिवाळ्यात काही नाही. शरीरावर ओळखीची खूण: काही नाही. देव अंगात येतो काय: अद्याप नाही. शेरा: वाट पाहणे.

ही नोंद आमच्या देवस्थान समितीची आहे. तिच्यातला 'वाट पाहणे' हा शेरा अकरा वर्षं जुना होता. गावानं खरोखरच वाट पाहिली, आणि ज्याची वाट पाहायची त्याला ती पाहताना अधूनमधून चिमटेही काढले.

आमच्याकडे चेला म्हणजे शिष्य नव्हे. ज्याच्या अंगात नागदेव येतो, जो घुमतो आणि घुमता घुमता गावाच्या प्रश्नांना कौल देतो, तो चेला. या पदाला अर्ज नाही, परीक्षा नाही. देव एक घराणं निवडतो आणि त्यातल्या एकाला हलवतो. हलवतो म्हणजे शब्दशः. बळीच्या बोकडावर पाणी शिंपडलं की तो अंग झाडेपर्यंत सगळं गाव श्वास रोखून उभं असतं; बोकड थरथरला की देवाला मान्य. माणसालाही हाच कायदा. आमचा देव बोलण्याआधी थरथरतो. न थरथरता बोललेल्या शहाणपणाला सरोठ्यात किंमत नाही, मग ते कितीही शहाणपणाचं असो.

सैणूचा बाप मंगणू राम घुमायचा ते बघायला पलीकडच्या खोऱ्यातून माणसं यायची. डोळे पांढरे, लोखंडी साखळी पाठीवर सपासप, अंगावरचा चोला, म्हणजे घोळदार डगला, ओरबाडून फेकलेला. तो शेरा पडला त्या वर्षी भाद्रपदातल्या न्हाणाच्या जत्रेला गाव नेहमीप्रमाणे वर नागडलीवर, म्हणजे नागाच्या तळ्यावर, गेलं. मंगणू रामनं तळ्यात बुडी घेतली, बाहेर आला, आणि असा घुमला की ढोलवाल्याचे हात थकले. मग तो शांत झाला, काठावरच्या सपाट दगडावर आडवा झाला, आणि हसऱ्या चेहऱ्यानं झोपला तो उठलाच नाही. देवानं त्याला वरच्या वर उचललं. गावानं तिथे शिळा उभी केली. असं मरण सरोठ्यात दुसऱ्या कुणाला आलेलं नाही. बाकीचे खोकून मरतात.

देव अंगातून उतरला की चेल्याला कुणी शिवायचं नाही, तो आपण होऊन उठेपर्यंत थांबायचं, असा आमच्यात नियम. त्यामुळे मंगणू रामला देवानं उचलल्याचं गावाला सकाळीच कळलं.

त्यानंतर दर जत्रेला सैणूला देवापुढे बसवलं. ढोल वाजले, धूप जळला, सैणू बसला. बसला की बसलेलाच. एकदा त्याला जांभई आली आणि समितीनं ती चिन्ह मानावी की नाही यावर चर्चा केली. लोक त्याला 'कोरडा चेला' म्हणू लागले. त्याच्याबरोबर पाहुण्यांना वाट दाखवणारा रसीला राम तर दर वेळी म्हणायचा, "सैणू, देव नाही तर निदान ताप तरी येऊ दे रे. आम्ही चालवून घेऊ."

सैणू हसायचा. पण दर संक्रांतीला बापाची साखळी खुंटीवरून काढून तेल लावायचा. बापाचा लोकरीचा चोला मात्र त्यानं ट्रंकेत ठेवून दिला होता. कोरड्या चेल्यानं चेल्याचा चोला घातला तर गाव काय बोलेल ते त्याला ठाऊक होतं. तो एका पाहुण्यानं दिलेला सुती बनियनच्या कापडाचा जाड शर्ट घालायचा. त्याच्या छातीवर कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचं नाव होतं. त्या विद्यापीठात सैणू जे शिकला ते पुढे येईलच.

गावापुढे मोठा प्रश्न होता तो बडी धारचा. बडी धार म्हणजे नागडलीच्या खांद्यावरचं विस्तीर्ण कुरण. मंगणू राम गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिथे वीज पडली आणि मेंढरांचा अख्खा कळप जागच्या जागी आडवा झाला. कुरण बंद झालं. ते उघडायचं तर देवानं सांगायला हवं, आणि देवाला तोंड नव्हतं. खालच्या कुरणावर सगळ्या गावाच्या मेंढ्या एकमेकींच्या तोंडचं गवत ओढत होत्या. म्हणजे सैणू राम थरथरत नाही म्हणून सरोठ्याच्या मेंढ्या उपाशी, इतका हा हिशेब सरळ होता. बायका पाणवठ्यावर तो त्याच्या बायकोला, निक्कोला, ऐकवायच्या.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर लुधियान्याचे खुराना नवराबायको नागडल बघायला आले. खुराना साहेबांचा स्वेटरचा कारखाना. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, गळ्यात कॅमेरा, आणि स्थानिक श्रद्धांचा आदर कसा करावा यावर बरंच वाचन. रसीला वाट दाखवायला, सैणू रांधायला, आणि सामानाला होशनाक चाचाची खेचरं. होशनाक चाचानं उभा जन्म मेंढरांमागे काढला होता. गुडघे गेले तेव्हा खेचरं घेतली. सरोठ्यात एवढा अनुभवी माणूस दुसरा नव्हता, आणि नावातच होश होता.

वाट आधी देवदारातून, मग बांज ओकांच्या ओल्या जंगलातून चढते. मग झाडं एकाएकी हात वर करतात आणि खालच्या कुरणाचं गवत सुरू होतं. त्या गवतावर निक्कोच्या भावाचा कळप होता आणि उन्हाळ्यापासून बर्फ पडेपर्यंत निक्कोही तिथेच असायची. सैणूला येताना पाहून तिनं चुलीवर चहा चढवला.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. निक्को नवऱ्याला 'ओ' म्हणायची, फार झालं तर 'ओ, ऐका'.

"ओ, आज वर जाऊ नका," ती म्हणाली. "मेंढ्या सकाळपासून खाली तोंड करून उभ्या आहेत. बर्फ येणार."

"मॅडमनी फोनात बघितलंय," रसीला म्हणाला. "ऊन आहे म्हणे, भाभी."

"मग फोनला घेऊन जा. ह्यांना ठेवा इथे."

"ह्यांना ठेवून जेवण कोण करणार, फोन?"

खुराना बाई हसल्या, खुराना साहेबांनी मेंढ्यांचा फोटो काढला, आणि पाचही जणांनी चहा घेतला. निघताना निक्कोनं नवऱ्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली. "हे कापड ओलं झालं तर वाळायला पुढचा जन्म लागेल," ती म्हणाली. "ट्रंकेतला चोला काय कसरीसाठी ठेवलाय?"

"पुढच्या वेळी," सैणू म्हणाला.

खेचरं निक्कोपाशीच बांधली. पुढे धोंडे सुरू होतात, तिथून सामान माणसांच्या पाठीवर. धोंड्यांच्या सुरुवातीला एक पसरट दगड आहे. नागडलीला जाणारा आमचा माणूस तिथे जोडे काढून ठेवतो आणि पुढे अनवाणी जातो. हल्ली पाहुण्यांबरोबर असताना रसीलासारखे लोक जोडे थेट काठावर जाऊन काढतात. देव समजून घेतो, असं रसीलाचं मत. होशनाक चाचाचे पाय फुटलेले, त्यानंही समजून घ्यायला लावलं. सैणूनं मात्र त्या दगडावरच जोडे काढले, शेजारी शेजारी नीट लावले, आणि भांड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन निघाला. देव अंगात येत नसला तरी सैणूनं त्याच्याशी वागण्यात कधी कसूर केली नव्हती. तक्रार असलीच तर ती एका बाजूनं होती.

तळ्याच्या अलीकडे त्याच तळ्यातून निघालेला ओढा लागतो. सैणूचा पाय तिथल्या शेवाळावर सरकला. भांडी वाचवायची म्हणून त्यानं गाठोडं वर धरलं आणि स्वतः छातीपर्यंत पाण्यात बसला. वर आला, भांडी मोजली, सगळी होती.

"भिजलास की," मागून होशनाक चाचा म्हणाला.

"भांडी कोरडी आहेत," सैणू म्हणाला.

काठावर पोचतात तोच ऊन गेलं. आधी गारा, मग वारा, मग बर्फ, तेही आडवं. रसीला आणि चाचा पाहुण्यांच्या तंबूशी झटत राहिले. तो एकदा आभाळात गेला आणि दोनदा चाचाच्या अंगावर आला. सैणू आपला दोन धोंड्यांच्या आडोशाला ओल्या शर्टानं, अनवाणी, स्टोव्ह पेटवत बसला. काडी पेटेना. पेटली तर स्टोव्ह पेटेना. खिचडीचं पातेलं समोर ठेवून तो काड्या ओढत राहिला.

मग त्यानं ताटल्या उचलल्या आणि ताटल्या वाजू लागल्या.

आधी हळू, मग देवळात झांजा वाजाव्यात तशा. रसीलानं वळून पाहिलं. सैणू ताटल्यांची चवड छातीशी धरून उभा होता आणि डोक्यापासून टाचेपर्यंत थरथरत होता. दात कडकडत होते. डोळे समोर, पण समोरच्या कशावरच नाहीत.

रसीलाच्या हातातला दोर सुटला. "चाचा! आला!"

"कोण आला?"

"आला, चाचा! सैणूला आला!"

होशनाक चाचानं तंबू तसाच सोडला. तंबू परत आभाळात गेला आणि या खेपेला त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. म्हातारा बर्फात गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "महाराज," तो म्हणाला, "अकरा वर्षं लावलीत."

ताटल्या खाली पडल्या. सैणू घुमत होता. वाऱ्याच्या झोताबरोबर मागेपुढे, मागेपुढे, आणि तोंडातून घुमल्याचा आवाज. दोघांनी हात जोडले. खुराना नवराबायको धावत आले तसं रसीलानं त्यांना हातानंच थोपवलं.

"काय झालं याला?" खुराना बाईंनी विचारलं.

"देव आला, मॅडम. चेल्याचा मुलगा आहे. आता बोलेल."

खुराना साहेबांनी कॅमेरा कोटात सरकवला आणि टोपी काढली. बर्फ त्यांच्या टकलावर पडत राहिला.

"अहो, पण याला थंडी वाजत असेल," बाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या. "ओला आहे हो तो."

"श्श. त्यांची श्रद्धा आहे."

"मॅडम," रसीला न वळता म्हणाला, "देवाला थंडी वाजत नाही."

गावाचा प्रश्न होशनाक चाचानं विचारला. दुसरा कुठलाही प्रश्न त्या क्षणी कुणाला सुचणं शक्य नव्हतं. "महाराज, बडी धार उघडू का?"

सैणूचे ओठ हलले. शब्द दारू प्यायल्यासारखे एकमेकांवर पडत होते. "झाकण," तो म्हणाला. "झाकण... काढ."

"उघड म्हणाले!" रसीला ओरडला. "चाचा, उघडा म्हणाले!"

"थांब. पुरतं ऐक."

"करपलं," सैणू म्हणाला. "करपलं... करपलं..."

चाचाचा चेहरा उतरला. "करपलं म्हणतायत. वीज. मेंढरं परत करपतील."

"आधी काढ म्हणाले ना पण? झाकण काढ. आता धारेवर काय झाकण आहे? बंदी! बंदी काढ!"

"आणि करपलं ते तुझं डोकं का?"

"ते मागचं सांगतायत, चाचा. मागं करपलं, आता काढ."

"देव मागचं कशाला सांगेल? मागचं आपल्याला माहीत नाही का?"

हा वाद थोडा वेळ चालला. थोडाच, पण बर्फात. तेवढ्यात सैणूनं शर्टाच्या गळ्यात दोन्ही हात घातले, "आग, आग" म्हणाला, आणि शर्ट अंगातून ओढून काढून बर्फावर फेकला. विद्यापीठाचं नाव वर तोंड करून पडलं. उघड्या पाठीवर बर्फ पडत होता आणि तो उकडल्यासारखा छातीवर हात फिरवत होता. होशनाक चाचाच्या तोंडून हुंदका फुटला.

"बाप," तो म्हणाला. "हुबेहूब बाप. मंगणू असाच चोला फेकायचा. शेवटच्या न्हाणाला अगदी असाच."

खुराना बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग सैणूची थरथर मंदावली. झोके थांबले. तो सपाट दगडावर बसला, मग कलला, मग आडवा झाला. चेहरा शांत होता, जवळजवळ हसरा.

"गेला," चाचा हलकेच म्हणाला. "किती शांतपणे गेला देव. झोपू दे त्याला. कुणी शिवू नका."

चौघंही तीन पावलं मागे सरकले आणि हात जोडून उभे राहिले.

खाली गवतावर बर्फ सुरू होताच निक्कोच्या भावाचा कळप उधळला आणि काही मेंढ्या वेड्यासारख्या वर, धोंड्यांकडे, गेल्या. निक्को त्यांच्यामागे धावली. मेंढ्या तिला पुढेच दिसत होत्या. पण त्याआधी तिला पसरट दगड लागला, आणि त्यावर शेजारी शेजारी नीट ठेवलेले जोडे. दोन्ही घोट्यापर्यंत बर्फानं भरलेले. निक्कोनं ते उलटे करून झटकले, मेंढ्या देवावर सोडल्या आणि जोडे उराशी धरून वर निघाली.

ती काठावर आली तेव्हा तिला आधी हात जोडून उभी असलेली चार माणसं दिसली. तिला वाटलं, पाहुणे पूजा करतायत. मग तिनं चौघं ज्याच्याकडे बघत होते तिकडे बघितलं.

"भाभी, थांबा!" रसीला पुढे झाला. त्याचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "भाभी, आला! सैणूला देव आला! आमच्या डोळ्यांदेखत! बोलला, भाभी!"

निक्को थांबली. पाणवठ्यावरची अकरा वर्षं तिच्या अंगावरून एका झुळकीसारखी गेली असणार. ती नंतर म्हणाली की क्षणभर, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "आणि आता?"

"आता उतरला. आता झोपलाय. शिवू नका."

"माझा नवरा आहे. शिवतच आलेय." ती त्याला ढकलून पुढे गेली, दगडापाशी बसली आणि नवऱ्याच्या काखेत हात घातला. हात तसाच राहिला. तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं. ओठ जांभळे होते.

"थरथरत होते?" तिनं विचारलं.

"असे!" रसीलानं करून दाखवलं. "ताटल्या वाजत होत्या!"

"आणि थांबले कधी?"

"आत्ताच. शांतपणे."

निक्कोनं मान वळवून होशनाक चाचाकडे बघितलं. ती ओरडली नाही. तिचा आवाज अगदी साधा होता, कळपात एखादी मेंढी कमी दिसली की विचारतात तसा. "चाचा, तुमच्या हातून वसंतात किती कोकरं गेली असतील. ओलं कोकरू थरथरतंय तोवर आपण काय म्हणतो?"

चाचाचे जोडलेले हात तसेच होते. "जगेल, म्हणतो."

"आणि थरथर थांबली की?"

याचं उत्तर सरोठ्यातलं शेंबडं पोरही देऊ शकतं. वाऱ्यात म्हाताऱ्याचा जबडा तेवढा हलला, आणि हात आपोआप सुटून दोन बाजूंना लोंबले. रसीलाच्या चेहऱ्यावरचा आनंद जायचा विसरला होता; तो तिथेच होता, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

मग निक्कोनं जे केलं त्याची चर्चा गावात बाकी सगळ्यापेक्षा जास्त झाली. तिनं नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याचं नाव घेतलं. "सैणू!" तळ्याच्या त्या टोकापर्यंत गेलं ते. "सैणू! ए सैणू राम! ऊठ!"

सैणूच्या पापण्या हलल्या. नावामुळे हलल्या की धक्क्यामुळे, सांगता येत नाही.

"उभे काय राहिलात!" निक्को गरजली. "तंबू धरा! पाहुणीबाई, कोरडं काय आहे?"

खुराना बाई धावल्या. लुधियान्याची बाई, एका रात्रीसाठी चार स्वेटर घेऊन आली होती. सैणूची ओली विजार ओढून काढली, चारही स्वेटर घातले, दोन झोपायच्या पिशव्या एकत्र जोडून त्यांत कोंबलं. निक्कोनं आपल्या कमरेचा काळ्या लोकरीचा लांबलचक दोर सोडला, पिशवीत नवऱ्याशेजारी शिरली, त्याचे पाय आपल्या पोटाशी घेतले. नव्या कोकरांना आमच्या बायका अशाच पोटाशी घेतात, लोकरीच्या घोळात. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हवं होतं. होशनाक चाचा शिरला. रसीला वाऱ्याला पाठ देऊन स्टोव्हवर ओणवा बसला आणि या वेळी तो पेटला. खुराना साहेब उरलेला वेळ तंबूचा खांब धरून बसले. त्या दिवशी त्यांना श्रद्धेविषयी अधिक काही म्हणायचं नव्हतं.

अंधार पडायच्या सुमाराला सैणू परत थरथरू लागला. ते बघून निक्को रडली. त्या डोंगरावर कुणाच्या थरथरण्यावर इतका आनंद दोनदा झाला, एकाच दिवशी. दुसरा आनंद तेवढा खरा होता.

सकाळी आभाळ धुऊन टांगल्यासारखं होतं आणि तळं निळं. सैणू उठून बसला आणि म्हणाला, "खिचडी उतरवली का कुणी?"

त्याला सगळं सांगितलं. रसीला सांगत होता आणि जितकं सांगत होता तितका त्याचा आवाज बारीक होत गेला. झाकण, करपलं, शर्ट. सैणू ऐकत होता.

"मी खिचडी करत होतो," तो म्हणाला. "झाकण काढ म्हणत होतो. करपत होती."

"स्टोव्ह पेटलाच नव्हता रे," रसीला म्हणाला.

सैणूनं तळ्याकाठी बघितलं. सपाट दगडापलीकडे बापाची शिळा होती. 'येथून नागदेवाने चेला मंगणू राम यास उचलले.' त्यानं ती अक्षर अक्षर वाचली. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते निक्कोला आधी कळलं, आणि तिनं त्याचा दंड धरला.

"चाचा," सैणू म्हणाला. "तुम्ही होतात त्या न्हाणाला. बापूपण असाच थांबला होता का?"

होशनाक चाचा खेचराचं नसलेलं खोगीर आवळत असल्यासारखे हात हलवत होता. "हो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. देव उतरला होता. आम्ही कुणी शिवलो नाही." त्यानं नसलेला पट्टा पुन्हा ओढला. "हसत होता रे. सगळ्यांनी बघितलं, हसत होता."

खुराना बाईंनी तेवढ्यात चहा आणला. तो कुणी घेतला नाही.

गावात मात्र बातमी पोचली ती पहिल्या भागापुरतीच. दुसरा भाग उतारावर कुठेतरी गळून पडला. सैणू जिल्ह्याच्या इस्पितळातून परतला तेव्हा वेशीवर ढोल होते. समितीची बैठक भरली. त्यानं उभं राहून सांगितलं की देव वगैरे काही नव्हता, थंडी होती.

"हे तू कशावरून सांगतोस?" अध्यक्षांनी विचारलं. "तुला घुमल्याचं काही आठवतं का?"

"नाही."

"म्हणजे तू तिथे नव्हतास."

"मी नव्हतो तर कोण होतं?"

"तेच तर आम्ही म्हणतोय," अध्यक्ष म्हणाले.

बडी धारचा निर्णयही झाला. अर्धी उघडली, अर्धी बंद ठेवली. देवाच्या दोन्ही वाक्यांचा मान राहिला.

सैणू घरी आला तो साखळी खुंटीवरून काढून ओढ्यात टाकायला निघाला. निक्को दारात आडवी उभी राहिली. तिनं एकदा घेतलेलं नाव पुन्हा घेतलं नाही, पुन्हा 'ओ'.

"ओ, ऐका. तुमचं या गावात कोण ऐकतं?"

"कुणी नाही."

"माझं?"

सैणूनं हातातली साखळी खाली केली.

"देवाचं ऐकतात," ती म्हणाली. "मग त्याच्याच तोंडून सांगा."

पुढच्या संक्रांतीला सैणू राम बापाचा चोला घालून देवापुढे बसला. ढोल सुरू झाले आणि तो घुमला. जाणकार म्हणतात, बापापेक्षा सरस. साखळीही बरोबर पडत होती. सैणूनं नंतर फक्त निक्कोला सांगितलं की इतकी वर्षं खरं बसून जे जमलं नाही ते एकदा खोटं बसून लगेच जमलं.

"मी उतरलो," चेला घुमत म्हणाला, "की माझ्या माणसाला उघड्यावर टाकू नका. पांघरूण घाला. मिठीत घ्या. थरथर थांबली तर धावा."

गाव चपापलं. असला कौल कधी आला नव्हता. अध्यक्षांनी हात जोडले. "महाराज, न शिवायचा नियम आहे."

"मोडला."

"कधीपासून, महाराज?"

सैणूच्या अंगातली थरथर तिथे क्षणभर चुकली. ते फक्त ढोलवाल्याच्या लक्षात आलं. "मंगणूच्या आधीपासून," तो म्हणाला.

ढोल थांबले. त्या न्हाणाला हजर असलेली निम्मी माणसं तिथे बसलेली होती. कुणी कुणाकडे बघेना. मागच्या रांगेतून होशनाक चाचा उठला, काठी न घेताच बाहेर गेला, आणि देवळाच्या भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही. नंतर कुणीतरी काठी नेऊन दिली.

यंदाच्या न्हाणाला सरोठा तळ्यावर घोंगड्यांची तीन गाठोडी घेऊन गेला. देवाची आज्ञा.

समितीनं नोंदही दुरुस्त केली. देव अंगात येतो काय: होय, साक्षीदार हजर. शेरा: वाट पाहणे (रद्द). व्यवसाय: चेला, उन्हाळ्यात स्वयंपाकी. बाकीचा मजकूर पडताळून पूर्ववत कायम केला. शरीरावर ओळखीची खूण: काही नाही.

सैणू रामच्या डाव्या पायाला तीन बोटं आहेत.